मोठ्या माणसाची मॅकरोनी

वेतन, बोनस, संप आणि महागाई यांवर बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस वसंत व्याख्यानमालेत मॅकरोनीवर काय बोलणार, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु माणूस काय खातो, किती पैसे मोजून खातो आणि खाताना कोणाला लाजतो, हा प्रश्न वेतनाच्या प्रश्नापासून फारसा दूर नाही. ज्या पदार्थाची मोठ्या माणसाला लाज वाटते, त्या पदार्थाचा इतिहास उकलून पाहावा. त्यात बहुधा कोठेतरी पैशाचा हिशेब सापडतो.

या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत. आईवडील चार-सहा महिने तिकडे राहून येतात. एखाद्या रविवारी सगळे कुटुंब उपाहारगृहात जाते. खाद्यपदार्थांची यादी हातात येते आणि शाकाहारी माणूस वरपासून खालपर्यंत बोट फिरवू लागतो. बोट जेथे थांबते, तो पदार्थ पुष्कळदा 'मॅकरोनी अँड चीज' हा असतो. तोच नेमका यादीच्या कोपऱ्यात, हत्ती-घोड्यांच्या चित्रांशेजारी, बारा वर्षांखालील मुलांच्या चौकटीत छापलेला असतो. मग सून हळूच म्हणते, "बाबा, ते लहान मुलांचं आहे." बाबा ओशाळतात आणि जे खायचे नाही ते मागवून अर्धे ताटात टाकतात.

हे केवळ आपल्याकडच्या पाहुण्यांच्या वाट्याला येते असे नाही. खुद्द अमेरिकन माणूसही, चाळिशी उलटल्यावर चारचौघांत हा पदार्थ मागवताना थोडा चाचरतो, हसून काहीतरी सबब सांगतो. हा पदार्थ मुलांचा, असे ठरवले कोणी? कधी? आणि कोणाच्या सोयीसाठी? याचा आज विचार करू.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. मॅकरोनी म्हणजे बन्सीसारख्या कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याच्या, आतून पोकळ, वाळवलेल्या नळ्या. आपल्या शेवयांची ती दूरची बहीण मानायला हरकत नाही. अमेरिकेत या पदार्थासाठी कोपरासारख्या वाकलेल्या आखूड नळ्या वापरतात. त्या मिठाच्या पाण्यात उकडायच्या. दुसरीकडे लोण्यात मैदा परतून त्यात हळूहळू दूध घालायचे आणि दाटसर पांढरा रस झाला की आच काढून त्यात किसलेले चेडर चीज विरघळवायचे. मैदा कशाला, असे कोणी विचारील. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, त्याच कारणासाठी. चीज नुसतेच तापवले तर त्यातील तूप वेगळे सुटते आणि उरलेल्या भागाच्या गाठी होतात. पिठाने तो रस एकजीव राहतो. या रसात नळ्या कालवल्या, की पदार्थ तयार. कोणी वर पावाचा चुरा पसरून तो भट्टीत लालसर भाजतात. त्यात तिखट नाही, मसाला नाही, हाड नाही, काटा नाही. दात नसलेल्यालाही खाता येईल असा हा पदार्थ आहे, आणि मुलांचा म्हणून त्याच्यावर शिक्का बसण्याचे हे एक कारण खरेच. पण मऊ भात मुलांना भरवतात म्हणून मोठ्यांनी भात सोडला नाही. तेव्हा केवळ मऊपणाने हा उलगडा होत नाही.

अमेरिकेच्या इतिहासात हा पदार्थ प्रथम दिसतो तो मोठ्यांच्या, आणि तेही फार मोठ्यांच्या पंगतीत. थॉमस जेफर्सन १७८४ साली फ्रान्सला गेले, तेव्हा त्यांनी जेम्स हेमिंग्ज नावाचा आपला एक तरुण गुलाम बरोबर नेला आणि पॅरिसमध्ये त्याला फ्रेंच पाककलेचे रीतसर शिक्षण दिले. जेफर्सन यांना मॅकरोनीची एवढी गोडी लागली, की ती तयार करण्याच्या यंत्राचा त्यांनी काढलेला आराखडा आजही त्यांच्या कागदपत्रांत आहे. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. १८०२ सालच्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे जेवायला गेलेले काँग्रेसचे सभासद मनॅसे कटलर यांनी आपल्या रोजनिशीत मॅकरोनी नावाच्या एका पदार्थाची नोंद केली. गंमत अशी, की या धर्मोपदेशक गृहस्थांना त्याची चव उग्र वाटली आणि मुळीच आवडली नाही.

जेम्स हेमिंग्जला स्वातंत्र्य मिळाले ते १७९६ साली. तेही आपल्या भावाला, पीटरला, सगळी कला शिकवून मगच. मालकाने घातलेली अटच तशी होती. पुढे पाचच वर्षांनी, १८०१ मध्ये, जेम्स वारला. यजमानाचे नाव घराघरांत पोहोचले आणि चुलीशी उभ्या राहिलेल्याचे नाव अभ्यासकांना कागदपत्रांतून शोधून काढावे लागले. १८२४ साली व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांचे पाककृतींचे पुस्तक निघाले. त्यात मॅकरोनी, चीज आणि लोणी यांचे थर लावून भाजण्याची कृती छापलेली आहे. असली पुस्तके घरच्या मालकिणीच्या हाती असत आणि पदार्थ रांधणारे हात बहुधा गुलामांचे असत. म्हणून अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांत भाजलेली मॅकरोनी आजही रविवारच्या आणि सणावारांच्या जेवणात मानाच्या जागी असते. ती कोणी करायची हा मान घरातल्या विश्वासू हाताकडे जातो. त्या घरांत हा पदार्थ लहान मुलांचा आहे असे कोणी म्हणून पाहावे. त्याला चांगलेच ऐकून घ्यावे लागेल.

दक्षिणेकडील राज्यांत जेवणाची एक साधी, स्वस्त पद्धत आहे. एक मांसाचा पदार्थ आणि यादीतल्या तीन भाज्या, अशी ती थाळी. टेनेसीमधील नॅशव्हिल शहर अशा खाणावळींबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे भाज्यांच्या यादीत घेवडा, बटाटा, पालेभाजी यांच्या जोडीला मॅकरोनी-चीज सरळ भाजी म्हणून लिहिलेले असते. गवंडी, मालमोटारीचे चालक, कचेरीतले कारकून ते रोज दुपारी मागवतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. शाकाहारी माणसाला तेथे नुसत्या भाज्यांची थाळी मिळते. मात्र पालेभाजी पुष्कळदा डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली असते, एवढे विचारून घ्यावे.

श्रीमंतांच्या टेबलावरचा हा पदार्थ मजुराच्या पानात आला तो कारखान्यांमुळे. १८४८ साली न्यू यॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये मॅकरोनीचा कारखाना निघाला आणि परदेशी माल देशी होऊ लागला. १९१६ साली जेम्स क्राफ्ट यांना प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट मिळाले. हे चीज महिनोन्महिने टिके आणि तापवल्यावर फुटत नसे. १९३७ साली, मंदीचा काळ अजून सरला नसताना, त्यांच्या कंपनीने मॅकरोनी आणि चीजची पूड एकाच खोक्यात घालून बाजारात आणली. किंमत एकोणीस सेंट, आणि त्यात चौघांचे जेवण. महायुद्धात मांस-लोण्यावर रेशन आले, तेव्हा एका रेशन पॉइंटवर अशी दोन खोकी मिळत. नवरा आघाडीवर आणि बायको कारखान्यात, अशा घरांना या खोक्याने हात दिला. ते मुलांनी खाल्ले, तसेच पाळी संपवून आलेल्या त्यांच्या आईनेही खाल्ले.

बाहेर खाण्याच्या बाबतीतही हेच दिसते. हॉर्न आणि हार्डार्ट या जोडीने १९०२ साली फिलाडेल्फियात आणि १९१२ साली न्यू यॉर्कमध्ये 'ऑटोमॅट' नावाची उपाहारगृहे काढली. भिंतभर काचेची लहान लहान दारे, आणि प्रत्येक दारामागे एकेक पदार्थ. फटीत पाच सेंटांचे नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, दार उघडून बशी घ्यायची. ज्या पदार्थांसाठी ऑटोमॅट नावाजले होते, त्यांत भाजलेले मॅकरोनी-चीज होते. टंकलेखिका, गोदीतले कामगार, नाटकातले होतकरू नट, बेकार झालेले कारकून, सगळे एकाच मोठ्या दालनात, संगमरवरी टेबलांशी बसत. तेथे वाढपी नव्हता; त्यामुळे "साहेब, आणखी काय आणू?" असे विचारणारे कोणी नव्हते, आणि कमी मागवले म्हणून तोंड वाकडे करणारेही कोणी नव्हते. बक्षिशीचा प्रश्नच नव्हता. खिशात किती नाणी आहेत हे फक्त काचेच्या दाराला कळे. अर्थात काचेमागे राबणारे हात होतेच. ग्राहकाला ते दिसत नसत, एवढेच.

मग मुलांची यादी आली कोठून? तिचेही मूळ धंद्यात आहे. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि उपाहारगृहांचे दारूवर मिळणारे उत्पन्न बुडाले. तोवर मोठ्या हॉटेलांना मुले म्हणजे कटकट वाटे. आता तीच मुले आईबापांना घेऊन येणारी गिऱ्हाइके झाली. न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलने १९२१ मध्ये मुलांसाठी निराळी यादी छापली. त्या काळच्या डॉक्टरांचा कल मुलांना बेचव, साधे, उकडलेले खाऊ घालावे असा होता. एमेट होल्ट यांचे १८९४ सालचे बालसंगोपनाचे पुस्तक घरोघर प्रमाण मानले जाई. त्यामुळे त्या याद्या उकडलेल्या भाज्या आणि दुधाच्या असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा कोंबडीचे तळलेले तुकडे, तळलेले बटाटे आणि मॅकरोनी यांनी घेतली. कारण ही तिन्ही स्वस्त, आधी करून ठेवण्याजोगी आणि मुलांनी हटकून खावी अशी. मुलांच्या ताटात मालक नफा शोधत नाही. ते ताट कमी दरात देऊन तो आईबापांचे मोठे बिल ओढून आणतो. म्हणूनच यादीवर वयाची मर्यादा छापलेली असते. मोठ्यांच्या तब्येतीशी किंवा प्रतिष्ठेशी तिचा संबंध नाही. सगळ्यांनीच ते ताट मागवले तर मालकाचा हिशेब बिघडेल, एवढाच तिचा अर्थ.

यावर पुरावा हवा असेल तर याच पदार्थाचा दुसरा अवतार पाहा. कॅलिफोर्नियातील यौंटव्हिल या गावी 'फ्रेंच लाँड्री' नावाचे अत्यंत महागडे उपाहारगृह आहे. त्याचे आचारी थॉमस केलर यांनी शेवंड लोण्यात शिजवून, तांदळासारख्या बारीक पास्त्यात मऊ चीज कालवून एक पदार्थ केला आणि थट्टेने त्याला 'मॅकरोनी अँड चीज' हेच नाव दिले. १९९९ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात तो आहे. पुढे ठिकठिकाणच्या उपाहारगृहांनी शेवंड घातलेली खरीखुरी मॅकरोनी मोठ्यांच्या यादीत आणली. तीच नळी, तेच चीज. पण किंमत चढली आणि पदार्थ एका रात्रीत वयात आला. म्हणजे पदार्थाचे वय किमतीवर ठरते. लाज मुलांसारखे खाण्याची वाटत नाही, स्वस्त खाण्याची वाटते. आपण तिला वयाचे नाव देतो, कारण ते नाव घ्यायला सोपे जाते.

आता जी गोष्ट मला विशेष सांगायची आहे तिच्याकडे येतो. स्वस्त पदार्थ मागवणाऱ्याने मालकाला लाजायचे कारण नाही. पण ताट आणून देणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेतील वाढप्यांची मजुरी ही आपल्याकडच्या माणसाला चटकन न कळणारी गोष्ट आहे. १९३८ साली तेथे किमान वेतनाचा केंद्रीय कायदा झाला. पण उपाहारगृहांतील नोकर त्यात धरलेच नव्हते. १९६६ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले, आणि त्याच दुरुस्तीने मालकाला एक सवलतही मिळाली: गिऱ्हाइकाने दिलेली बक्षिशी किमान वेतनाचा भाग म्हणून धरता येईल. आज केंद्रीय किमान वेतन ताशी सात डॉलर पंचवीस सेंट आहे. ते २००९ पासून बदललेले नाही. बक्षिशी मिळवणाऱ्या नोकराला मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी फक्त दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी कायद्याचे समाधान होते, आणि हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. बक्षिशीने उरलेली भर पडली नाही तर ती मालकाने घालावी असे कायदा म्हणतो. ज्यांनी हजेरीपट घेऊन मालकापुढे उभे राहून पाहिले आहे, त्यांना 'घालावी' आणि 'घातली' यांतले अंतर ठाऊक आहे. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन यांसारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही. तेथे वाढप्याला आधी पूर्ण किमान वेतन आणि वर बक्षिशी मिळते. इतर अनेक राज्यांनी आपापला आकडा केंद्राहून वर ठेवला आहे. पण जेथे दोन डॉलर तेरा सेंटच चालतात, तेथे वाढप्याचा खरा पगार गिऱ्हाईक देते.

हा पगार कसा मोजला जातो? बिलाच्या शेकड्यावर. पंधरा ते वीस टक्के हा रिवाज आहे. समजा, एकाने चाळीस डॉलरचे मांस मागवले आणि दुसऱ्याने बारा डॉलरची मॅकरोनी. वीस टक्क्यांनी पहिल्याकडून आठ डॉलर मिळतील, दुसऱ्याकडून दोन डॉलर चाळीस सेंट. वाढप्याने दोघांनाही पाणी आणून दिले, दोघांचीही ताटे उचलली, स्वयंपाकघराच्या खेपा तेवढ्याच घातल्या. काम सारखे आणि दाम तिसऱ्या हिश्श्याहून कमी. समान कामाला समान दाम, ही मागणी आपण कारखान्याच्या दारात करतो. येथे ती टेबलावरच मोडते.

योगायोग असा, की न्यू यॉर्कमधले शेवटचे ऑटोमॅट बंद झाले तेही १९९१ सालीच. जेथे साधे खाणारा कोणाच्या पोटावर पाय न देता खाऊ शके, ते दालन ज्या वर्षी मिटले, त्याच वर्षी वाढप्याची मजुरी गोठली. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे साध्या जेवणाचा आजचा पेच नीट दिसतो.

तेव्हा व्यवहारात काय करावे? पहिली गोष्ट, यादी पुरती वाचावी. मॅकरोनी मुलांच्या चौकटीत असली, तरी पुष्कळदा ती 'साइड' म्हणजे जोडपदार्थांतही असते. जोडपदार्थाला वयाची अट नसते. कोणीही मागवावा, हवे तर दोन मागवावे. दुसरी गोष्ट, मुलांचेच ताट हवे असेल तर सरळ विचारावे, "मोठ्यांना देता का? जास्त पैसे पडले तरी चालतील." नाही म्हटले तर वाढप्याशी हुज्जत घालू नये, तो नियम त्याने केलेला नाही. तिसरी गोष्ट शाकाहारी श्रोत्यांसाठी. अनेक उपाहारगृहे मॅकरोनीत डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, ते आधी विचारावे. चीज करताना दूध विरजण्यासाठी पूर्वापार वासराच्या जठरातले रेनेट वापरीत. १९९० साली अमेरिकेत सूक्ष्मजीवांकडून तयार केलेल्या तशाच द्रव्याला परवानगी मिळाली आणि आज तेथील बहुतेक चीज त्यावर होते. पण सगळे नव्हे. परदेशातून आलेल्या काही जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराचे रेनेट असते. ज्याला हे कटाक्षाने पाळायचे आहे, त्याने वाढप्यापुरते न थांबता स्वयंपाकघरात विचारायला सांगावे.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. स्वस्त पदार्थ मागवला, तर बक्षिशी शेकड्याने मोजू नका, कामाने मोजा. बारा डॉलरच्या बिलावर चार-पाच डॉलर ठेवले, तरी चाळीस डॉलरच्या मांसापेक्षा तुमचे जेवण कितीतरी स्वस्तच पडेल, आणि ज्याने ते आणले त्याच्या तासाची मजुरी थोडी तरी माणसासारखी होईल. याने व्यवस्था सुधारणार नाही, हे मी जाणतो. व्यवस्था सुधारेल ती कायद्याने आणि वाढप्यांच्या स्वतःच्या संघटनेने. पण संघटना उभी राहीपर्यंत माणसाला रोज संध्याकाळी घरी काहीतरी न्यावे लागते.

मोठेपणा कशाने येतो, याविषयी आपल्या सर्वांच्या मनात चमत्कारिक कल्पना असतात. महाग मागवल्याने माणूस मोठा होतो, ही त्यांतली एक. ज्याला मऊ, साधे, पोटभर हवे आहे आणि जो ते मोकळेपणाने मागू शकतो, तो मोठाच आहे. वाढणाऱ्याच्या कामाचे मोल बिलाच्या आकड्यावर न सोडता जो स्वतः ठरवतो, तो त्याहून मोठा. तेव्हा पुढच्या खेपेस सून "ते लहान मुलांचं आहे" असे म्हणाली, तर तिला सांगा, की एका राष्ट्राध्यक्षाने ते पाहुण्यांना वाढले होते आणि न्यू यॉर्कचे कामगार ते नाणे टाकून ताठ मानेने खात होते. मग ताट मागवा, गरम आहे तोवर खा, आणि उठताना टेबलावर पैसे ठेवायला विसरू नका.